मॅडम, पुस्तक कोण वाचतंय ओ?

टेक्निकल रायटर म्हणजे इंजिनिअरचं इंग्रजी दुरुस्त करून देणारी बाई, हा समज पुण्यातल्या आयटीवाल्यांचा पण आहे आणि आपल्या शिरोली एमआयडीसीतल्या कारखानदारांचा पण. नात्यातल्या एका काकांनी तर लग्नाच्या पंगतीत विचारलं, "म्हणजे टायपिंगचं काय?" म्हटलं हो काका, तसंच कायतरी. जिलेबी पुढ्यात असताना कोण समजावत बसणार.

तर ते इथं सांगते. टेक्निकल रायटर म्हणजे मशीन किंवा सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याचं पुस्तक, म्हणजे मॅन्युअल, लिहिणारा माणूस. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मी आधी पुण्यात सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन करायचे, लॉकडाऊनमध्ये कोल्हापूरला आले ते आलेच. आता अर्धं काम ऑनलाइन, सॉफ्टवेअर कंपन्यांचं, आणि अर्धं इथल्या मशीन बनवणाऱ्यांचं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित, सगळीकडं फिरून झालंय. आणि दोन्हीकडची कामं करून माझं ठाम मत झालंय की या धंद्यात इंग्रजी चौथ्या-पाचव्या नंबरला येतं. पहिल्या नंबरला येतं ते मशीनपाशी जाऊन उभं राहणं आणि दुसऱ्या नंबरला न लाजता विचारणं, अगदी येड्यासारखे वाटणारे प्रश्न पण.

फौंड्रीतला सँड मिक्सर घ्या. (कोल्हापुरात फौंड्री कुणाला समजावून सांगायला नको, पण बाहेरचे पण वाचतात म्हणून: कास्टिंगचा साचा ज्या वाळूचा करतात ती वाळू, बेंटोनाइट नावाची चिकणमाती, कोळशाची पूड आणि पाणी या मिक्सरमध्ये एकजीव करतात. आत जड चाकं फिरतात.) मला मेलवर ड्रॉइंग आलं, स्पेसिफिकेशन आलं, आणि इंजिनिअर म्हणाला क्लीनिंगचं एक पान टाका, डेली क्लीनिंग, विषय संपला. मी शिफ्ट सुटायच्या टायमाला तिथं जाऊन उभी राहिले तर बघते काय, भिंतीला चिकटलेली वाळू खरवडायला माणूस आत उतरतोय. अख्खा माणूस. आणि पॅनेल बसवलंय खांबाच्या पलीकडं, तिथनं मिक्सरच्या आत कोण आहे का नाही ते दिसतच नाही. म्हणजे हा आत, आणि तिकडं दुसऱ्या शिफ्टच्या पोरानं येऊन बटण दाबलं तर?

हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं, मेलमध्ये नव्हतं, आणि ज्यानं मशीन डिझाइन केलं त्याच्या डोक्यात पण नव्हतं, कारण त्याच्या डोक्यातला मिक्सर कायम स्वच्छ असतो. मग त्या एका पानाची दोन पानं झाली. मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करा. त्याला स्वतःचं कुलूप लावा. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. स्टार्टचं बटण दाबून मशीन चालू होत नाही हे बघा. मगच आत उतरा. सेफ्टीवाले याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात, जगभर हीच पद्धत आहे, मी काय नवीन शोध लावला नाही. पण ती त्या मशीनला, त्या कामाला, त्या माणसाला लागू होते हे कुणीतरी तिथं उभं राहून बघायला पाहिजे होतं.

तिथला ऑपरेटर हसला. म्हणाला, "मॅडम, पुस्तक कोण वाचतंय ओ? ते ऑफिसात कपाटात असतंय."

बरोबर आहे त्याचं. पुस्तक साहेबाच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबाकडं, आणि साहेब जनरल शिफ्टला. रात्रपाळीचा माणूस काय वाचणार? आणि समजा वाचलं तरी आजपर्यंतचं कुठलं पुस्तक त्याच्यासाठी लिहिलेलं होतं? ते इन्स्पेक्शनवाल्यासाठी, कस्टमरच्या परचेससाठी. मी मालकांना म्हटलं, या पाच ओळी मराठीत, मोठ्या अक्षरात, पत्र्याच्या प्लेटवर छापून मिक्सरच्या दारावर नजरेच्या उंचीला रिव्हेट मारून बसवा. बसवली. माझ्या दृष्टीनं त्या मॅन्युअलमधलं सगळ्यात चांगलं पान ते, आणि ते मॅन्युअलमध्ये नाहीच.

आता लिहिण्याच्या बाजूचं बघू. एका हायड्रॉलिक पॉवर पॅकचं (तेलाच्या दाबावर मशीन चालवणारं युनिट) जुनं मॅन्युअल माझ्याकडं सुधारायला आलं होतं. त्यातल्या दोन ओळींचा मराठीत अर्थ असा: "फ्लँजचे बोल्ट सैल करावेत. बोल्ट सैल करण्यापूर्वी सिस्टीममधील प्रेशर शून्य असल्याची खात्री करून घ्यावी."

परत वाचा. हातात पाना घेतलेला माणूस एक ओळ वाचतो, ते काम करतो, मग पुढची ओळ वाचतो. दुसरी ओळ वाचायला मान वर करेपर्यंत गरम तेलाची चिळकांडी तोंडावर आलेली असणार. व्याकरण एकदम बरोबर. इंग्रजीचे प्राध्यापक पूर्ण मार्क देतील. आता हे बघा: पंप बंद करा. अक्युम्युलेटरचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडा. गेजवर शून्य येईपर्यंत थांबा. मग बोल्ट सैल करा. (अक्युम्युलेटर म्हणजे दाबाखालचं तेल साठवून ठेवणारी टाकी.) यात भाषेची कसली करामत आहे? काय नाही. कामाचा क्रम तेवढा सरळ लावलाय, आणि "खात्री करून घ्यावी" असं मोघम सोडण्यापेक्षा खात्री कशी करायची, कुठं बघायचं, ते सांगितलंय. मोघम लिहिणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं, असा माझा अनुभव. "योग्य प्रमाणात ग्रीस लावावे", "व्यवस्थित घट्ट करावे". योग्य म्हणजे किती? बोल्ट किती आवळायचा ते न्यूटन मीटरमध्ये लिही की बाबा.

विमानवाल्यांनी हे फार आधी ओळखलं. सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणून एक स्टँडर्ड आहे, त्याचं मूळ ८० च्या दशकात युरोपातल्या विमान उद्योगाच्या संघटनेनं केलेल्या कामात. विमान दुरुस्त करणारे मेकॅनिक जगभरचे, बऱ्याच जणांची भाषा इंग्रजी नाही, मग मॅन्युअलच असं लिहा की चुकायला जागा राहू नये. सूचनेच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, एका वाक्यात एकच काम, आणि शब्दांची ठरलेली यादी. ज्यांना वाटतं टेक्निकल रायटर होण्यासाठी भारी इंग्रजी पाहिजे त्यांनी हे बघावं. सगळ्यात कडक स्टँडर्ड भारी इंग्रजीला बंदीच घालतंय.

तसंच त्या पिवळ्या त्रिकोणांचं. आपल्याकडं जिथं तिथं वॉर्निंग. तेल सांडू नका, वॉर्निंग. हात घालू नका, वॉर्निंग. वॉरंटी कार्ड जपून ठेवा, त्याला पण वॉर्निंग! अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५ स्टँडर्डमध्ये याची उतरंड ठरलेली आहे: माणूस मरेल किंवा गंभीर जखमी होईलच तिथं डेंजर, होऊ शकतो तिथं वॉर्निंग, थोडंफार लागेल तिथं कॉशन, आणि फक्त वस्तूचं नुकसान असेल तर नोटीस. सगळीकडं एकच शब्द वापरला की वाचणाऱ्याची नजर मरते आणि खरं मरणाचं कलम पण तो वॉरंटी कार्डासारखंच उलटून पुढं जातो.

मग हे सगळं इंजिनिअरच का लिहीत नाही, त्याला तर सगळं माहीत असतं? तिथंच तर घोळ आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्याला आपल्यातला एखादा जुना कोल्हापूरकर पत्ता कसा सांगतो बघा, "पूर्वी जिथं थेटर होतं ना, तिथनं डावीकडं, मग ते जुनं दुकान लागतंय, आता बंद झालंय ते, तिथं विचारा." सांगणाऱ्याच्या डोळ्यापुढं थेटर अजून उभं आहे. पाहुण्याला दिसतंय मोबाईलचं शोरूम. डिझाइन करणारा इंजिनिअर तसाच लिहितो, त्याचा काही दोष नाही, त्याला ते माहीत नसल्यासारखं बघताच येत नाही. म्हणून मध्ये एक माणूस लागतो, ज्याला समजून घ्यायची अक्कल आहे पण अजून सवय झालेली नाही.

सॉफ्टवेअरमध्ये पण हेच, फक्त तेल उडत नाही. पेमेंटच्या एका एपीआयचं (एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याशी बोलायची ठरलेली पद्धत) डॉक्युमेंटेशन करताना मी डेव्हलपरला विचारलं, नेट गेलं म्हणून ग्राहकाच्या सिस्टीमनं रिफंडची तीच रिक्वेस्ट परत पाठवली तर पैसे दोनदा जातात का? मीटिंगमध्ये शांतता. मग "वी विल चेक अँड गेट बॅक". दोन दिवसांनी कोड बदलला. लिहायच्या आधीच काम झालं. असं बऱ्याचदा होतं, डॉक्युमेंट लिहायला बसलं की प्रॉडक्टमधली भोकं दिसायला लागतात, कारण जे एका सरळ वाक्यात सांगता येत नाही ते बहुतेक वेळा नीट ठरलेलंच नसतं. कॉम्प्युटरमध्ये ही कला पार सुरुवातीपासनं आहे, १९४९ च्या बायनॅक कॉम्प्युटरचं मॅन्युअल जोसेफ चॅपलिन यांनी लिहिलं, कॉम्प्युटरचं पहिलं यूजर मॅन्युअल म्हणून त्याचंच नाव घेतात. आणि आमच्या काकांना अजून टायपिंग वाटतंय.

आता कारखानदार मंडळींना थोडं बोलते, राग मानू नका, तुमच्याच जिवावर घर चालतंय. मशीन शनिवारी कंटेनरमध्ये चढणार आणि मॅन्युअलसाठी फोन गुरुवारी संध्याकाळी येतो. "मॅडम, मागच्या मॉडेलचं घ्या, नाव तेवढं बदला, काय लई फरक नाही." फरक असतो. मी असं एक मॅन्युअल बघितलंय ज्यात कव्हरवर नवीन मॉडेल, आत निम्म्या पानांवर जुनं, आणि फोटो तिसऱ्याच कंपनीच्या मशीनचे. कास्टिंगमध्ये एक ब्लोहोल (हवेनं पडलेलं भोक) दिसलं तर अख्खा पीस रिजेक्ट करणारी ही माणसं, कागदाला मात्र काय पण चालतंय!

एक्सपोर्ट असेल तर अचानक सगळे जागे होतात, कारण तिथं कायदा आहे. युरोपात मशीन विकायचं तर त्यांच्या २००६ च्या मशिनरी डायरेक्टिव्हप्रमाणं मॅन्युअल त्या देशाच्या भाषेत द्यावं लागतं, जर्मनीला गेलं तर जर्मन, इटलीला गेलं तर इटालियन. जानेवारी २०२७ पासून तिथं नवीन नियम लागू होतोय, त्यात डिजिटल मॅन्युअल चालणार, पण गिऱ्हाइकानं घेताना मागितलं तर कागदावर फुकट द्यायचं. म्हणजे गोकुळ शिरगावात बनलेल्या मशीनचं मॅन्युअल जर्मन कामगाराला जर्मनमध्ये, आणि तेच मशीन गडहिंग्लजला गेलं की तिथल्या पोराला इंग्रजीत झेरॉक्स. हे मला खरंच टोचतं. आपल्याकडं काहीच नव्हतं असं पण नाही, १९४८ च्या कारखाना कायद्यातच होतं की कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत पाहिजेत. कीटकनाशकाच्या डब्यातल्या माहितीपत्रकाला तर प्रादेशिक भाषेची सक्ती आहे १९७१ च्या नियमांपासून. पण ते पत्रक उघडून बघा एकदा, पातळ कागद, घडीवर घडी, सगळ्या भाषा एकाच कागदात कोंबलेल्या, भिंगाशिवाय वाचता येत नाही. नियम पाळला, शेतकऱ्याला काय मिळालं?

आणि मराठीत करायचं म्हणून जे करतात ते सरकारी परिपत्रकासारखं. शॉपवर ज्याला सगळे बेअरिंग, व्हॉल्व्ह, पाना म्हणतात ते तसंच लिहायचं, बास. यावर वाद घालायला मला वेळ नाही.

एआयचं विचारणारे पण भरपूर आहेत, "आता तुमचं काय?" असं चेहऱ्यावर सहानुभूती आणून. भीती खोटी नाही. अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, १९५३ पासूनची संस्था, २०२५ च्या सुरुवातीला दिवाळखोरीत बंद पडली. एकट्या एआयमुळं नाही, सभासद आणि पैसा आधीपासनंच आटत होता, पण धंद्यातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला तो आलाच. मी स्वतः एआय रोज वापरते, पहिला ड्राफ्ट, टेबल, रिलीज नोट्स, मस्त करतो. ज्यांचं काम फक्त इंग्रजी गुळगुळीत करण्याचं होतं त्यांचं काम जाणार, काही जणांचं गेलंय पण. पण पॅनेल खांबाच्या पलीकडं आहे हे त्याला कोण सांगणार? त्याला जे दिलं त्यातनंच तो लिहितो, आणि जे दिलेलं नाही ते इतक्या आत्मविश्वासानं भरतो की वाचणाऱ्याला शंका पण येत नाही. टॉर्कच्या, म्हणजे बोल्ट किती आवळायचा त्याच्या, आकड्यात हे झालं तर काय होईल तुम्हीच विचार करा.

म्हणून डिप्लोमा, आयटीआय, बीएस्सी केलेल्या आपल्या पोरापोरींना माझं सांगणं आहे, या लाइनचा विचार करा, इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागं राहू नका. लेथवर हात चाललेला असेल तर तुमचं निम्मं शिक्षण झालंय. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स फुकट आहेत, ते करा. मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) आणि गिट (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) शिका, आठवड्याचं काम आहे. फ्रेममेकर, फ्लेअर वगैरे मॅन्युअल बनवायची सॉफ्टवेअर कंपनीत गेल्यावर शिकता येतं, त्याच्या क्लासला पैसे घालू नका.

आणि सर्टिफिकेटपेक्षा एक नमुना तयार ठेवा. शेतावरच्या पंपाचा स्टार्टर घ्या. रात्री तीन फेज आली, मोटर चालू होत नाही, हातात बॅटरी, पायाखाली चिखल, अशा माणसानं काय बघायचं, कशाला हात लावायचा नाही, आणि कधी नाद सोडून वायरमनला फोन करायचा, हे एका पानात लिहा. मग ते पान ज्याला स्टार्टरमधलं काही कळत नाही अशा चुलतभावाला द्या, फक्त वाचायला सांगा आणि पुढं काय करशील ते विचारा. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. तो जिथं अडखळेल तिथं पान चुकलंय.

लिहून झालं तर मला पाठवा, मी वाचून लाल पेन मारून परत देईन, पैसे नाहीत त्याचे. फक्त रंगीबेरंगी हेडिंगं करू नका, आणि "रिस्पेक्टेड सर" लिहून पाठवणाऱ्याचं सगळ्यात शेवटी वाचणार.