‘झोपेची गोळी आजच फेकून द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की व्हॉट्सअॅपवर काय फिरतंय ते न बघताही कळतं. सध्याचा मेसेज थोडक्यात असा: झोपेच्या सगळ्या गोळ्या सारख्याच, म्हणजे हळूहळू भिनणारं विष; एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही; तेव्हा आजच फेकून द्या. त्याऐवजी मेलाटोनिन घ्या, नैसर्गिक असल्याने कितीही चालतं. नाहीतर सर्दीची गोळी, नाहीतर एक पेग. शेवटी जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

यातलं सगळ्यात घातक वाक्य ‘आजच फेकून द्या’ हे आहे, म्हणून आधी तेच घेतो.

वर्षानुवर्षं रोज रात्री झोपेसाठी अल्प्राझोलामची ‘पॉइंट फाइव्ह’, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी घेणारे कितीतरी लोक आहेत. मेंदूला त्या औषधाची सवय झालेली असते. ते एकदम काढून घेतलं की झोप तर उडतेच, शिवाय हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते, आणि काहींना चक्क आकडी येते. बरं, यातून माणूस निष्कर्ष काय काढतो? ‘बघा, गोळीशिवाय मला झोपच येत नाही.’ प्रत्यक्षात तो औषध तोडल्याचा तडाखा असतो, मूळचा निद्रानाश नव्हे. म्हणून डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात. दोन आठवड्यांत पाव हिश्शापेक्षा जास्त कपात नको, बहुतेकदा त्याहूनही कमी; एकूण काम काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं. आणि कृपा करून ही कपात घरी सुरीने गोळीचे तुकडे करून स्वतःच ठरवू नका. कमी ताकदीच्या गोळ्या मिळतात. नावापुढे एसआर किंवा सीआर असलेली गोळी तर तोडायचीच नसते, कारण तिच्यातलं औषध हळूहळू सुटावं अशी तिची रचना असते.

‘मरेपर्यंत सुटत नाही’ यात अर्धं खरं आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या गटाची सवय लागते, यात वाद नाही. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना निद्रानाशासाठी हा गट साधारण चार आठवड्यांपर्यंतच ठेवा असं सांगतात. घोळ होतो तो पंधरा दिवसांची चिठ्ठी सहा वर्षं चालवल्याने. घडी पडून पडून फाटायला आलेला कागद पुढे सरकवायचा आणि म्हणायचं, ‘दादा, नेहमीचीच द्या.’ अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ही झोपेची दुसरी गोळी, दोन्ही शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहेत. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमाने रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध आणि संख्या आम्हाला वेगळ्या वहीत लिहावी लागते, आणि ती नोंद ३ वर्षं जपावी लागते. नवी चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक चिडतं. चिडो. चिठ्ठीविना देणारी दुकानं आहेत, हे मी नाकारत नाही. या सवयीत आमच्या धंद्याचाही वाटा आहे.

आता ‘सगळ्या सारख्याच’. झोल्पिडेमचा अंमल लवकर ओसरतो, तरी २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, स्त्रियांसाठी त्याच्या साध्या गोळीची सुरुवातीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली, कारण सकाळी गाडी चालवतानाही औषध रक्तात पुरेसं उरलेलं आढळत होतं. झोपेत चालणं, झोपेतच गाडी काढणं अशा प्रकारांमुळे २०१९ मध्ये त्याच्या माहितीपत्रकावर चौकटीतला, म्हणजे सगळ्यात कडक, इशाराही आला. डॉक्सेपिन हे मुळात नैराश्यावरचं औषध. ३ किंवा ६ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत ते पहाटे मोडणाऱ्या झोपेसाठी वापरतात. सुव्होरेक्सांट, लेंबोरेक्सांट हा नवा गट मेंदूला गुंगी आणण्याऐवजी जागं ठेवणाऱ्या ओरेक्सिनचा संदेश अडवतो. झोप लागतच नाही की लागते पण तीन वाजता मोडते, वय काय, सकाळी काम काय, यावर निवड ठरते. शेजारणीला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

मेलाटोनिन हा शरीराला ‘रात्र झाली’ असं सांगणारा निरोप आहे. जेट लॅगमध्ये किंवा झोपेचं घड्याळच पुढे सरकलेल्यांना त्याचा उपयोग होतो. जुनाट निद्रानाशात मात्र एकत्रित अभ्यासांत झोप लागायला सरासरी सातेक मिनिटं कमी लागली, इतकंच. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये यासाठी मेलाटोनिन सुचवलं नाही. १० मिलिग्रॅमची गमी खाऊन फायदा तिप्पट होत नाही.

सर्दीच्या गोळीत गुंगी आणणारं क्लोरफेनिरामाइन एकटं क्वचितच असतं, सोबत पॅरासिटामॉल आणि नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन असतं. म्हणजे झोपेसाठी रोज नको ते औषध पोटात, आणि बीपीवाल्याला वेगळाच ताप. गुंगीचा गुण काही दिवसांत उतरतो. म्हाताऱ्या माणसांना मात्र भ्रम होणं, लघवी अडणं, तोल जाणं हे मागे लागतं. पेगबद्दल एवढंच: झोप लवकर लागते आणि उत्तररात्री फुटते, झोपेच्या गोळीसोबत घेतला तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं.

मेसेजमध्ये जे नाही तेही सांगायला हवं. आठवड्यात तीन रात्री, तीन महिने असा त्रास असेल तर पहिला उपचार गोळी नव्हेच. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये सीबीटी-आय ही झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी, बिनगोळीची उपचारपद्धत आधी वापरा असं सांगितलं: उठायची वेळ रोज एकच, झोप नसेल तर अंथरुण सोडायचं, आडवं पडून राहायचे तास कमी करायचे. पहिले काही दिवस त्रासाचे जातात आणि असं शिकवणारे आपल्याकडे कमी आहेत, हे खरं.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि कोणती किती वाजता घेता ते सांगा. जोरात घोरत असाल तर तेही सांगा, कारण झोपेत श्वास अडत असेल तर काही गोळ्या तो आणखी बिघडवतात. माझ्या काउंटरवर दोन्ही गोळ्या एकाच पिशवीत नेणारे येतात: रात्री जेवणानंतर घ्यायची म्हणून बीपीची लघवी वाढवणारी गोळी, आणि रात्री चारदा उठावं लागतं म्हणून झोपेची. पहिलीची वेळ सकाळी करता येईल का, हे डॉक्टरांना कोणी विचारलेलंच नसतं.