दुफूरचा नकाशा घेऊन डोंगरात जाऊ नका

महिनाभरात हा फोटो मला संभाजीनगरच्या तीन ट्रेकिंग ग्रुपांवर आला. स्वित्झर्लंडचा जुना दुफूर नकाशा, खाली मजकूर: 'उपग्रह नसताना केलेला हा नकाशा मोबाइलपेक्षा अचूक आहे. डोंगर हलत नाहीत, म्हणून जुना नकाशा चुकत नाही. सोबत होकायंत्र ठेवा, बास.'

नकाशा देखणा आहे, वादच नाही. १८४५ ते १८६५ मध्ये २५ पानांवर छापला. उजेड वायव्येकडून पडतोय असं धरून उतार काढलेत, त्यामुळे कडे कागदातून वर आल्यासारखे दिसतात. पण ते सगळं बारीक रेघोट्यांनी. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, नाहीतच. त्यात एक सेंटिमीटरला एक किलोमीटर! देवगिरीचा डोंगर या प्रमाणात करंगळीच्या नखाखाली झाकला जाईल. मग वाट शोधत बसा.

उपग्रह नव्हते, हे खरं. पण त्याचं कौतुक करायला स्वित्झर्लंड कशाला? आपल्या शेजारी बिदरजवळ ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्ब्टनने १८१५ साली जमिनीवर मोजून पायारेषा, म्हणजे पुढचं सगळं मोजमाप जिच्यावर उभं राहतं ती रेषा, घेतली होती.

आता 'डोंगर हलत नाहीत'. बरं, आणि बर्फ? आल्प्समधली सगळ्यात मोठी हिमनदी ग्रेट आलेच १८७० पासून तीन किलोमीटरहून जास्त मागे सरकलीय. जिथे नकाशात बर्फ, तिथे आज उघडा खडक.

एवढं लांबही जायला नको. आजोबांच्या ट्रंकेत पैठणकडची एक इंची शीट निघाली; एक इंचाला एक मैल, मागून कापड लावलेलं, घड्यांवर विरलेली. गोदाकाठची गावं, विहिरी, गाडीवाटा, सगळं जिथल्या तिथे. १९७६ ला जायकवाडी पूर्ण झालं आणि त्यातली कित्येक गावं नाथसागराच्या पोटात गेली. ती शीट बघून गाडीवाट धरलीत तर थेट पाण्यात.

होकायंत्राचं तर विचारूच नका. १८५० च्या सुमाराला आल्प्समध्ये सुई खऱ्या उत्तरेपासून पंधरा अंशांहून जास्त पश्चिमेला असायची. आता ती दोन-तीन अंश पूर्वेला गेलीय. तेव्हाचा फरक धरून आज चाललात तर चार किलोमीटरमागे किलोमीटरभर भलतीकडे. डोंगरात तेवढ्यात दरी बदलते.

जुनी शीट मीही जपतो, भिंतीवर लावतो. वापरायची असेल तर आधी समासात सर्वेक्षणाचं साल बघा. छपाईचं नाही, सर्वेक्षणाचं. माझ्या शीटवर दोन्हींत चौदा वर्षांचं अंतर आहे.