झाडं गाड्यांपेक्षा जास्त प्रदूषण करतात म्हणे!

"जगात हवेत जाणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी बहुतांश झाडं सोडतात, गाड्या नव्हे. पाइनच्या डोंगरांवरचं निळं धुकं हा त्याचा पुरावा. मग बिचाऱ्या गाडीवाल्याच्याच मागे पीयूसी कशाला?" या धाटणीचा मजकूर अधूनमधून फिरत येतो आणि सोबत रोनाल्ड रेगन यांचा हवाला असतो. हवाला खोटा नाही. अमेरिकेतलं सुमारे ८० टक्के हवेचं प्रदूषण वनस्पतींच्या हायड्रोकार्बनमधून येतं, तेव्हा माणसाच्या धुरावर फार कडक नियम नकोत, असं रेगन १९८० च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या प्रचारात खरंच म्हणत होते. त्यावर कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटच्या कॉलेजातल्या मुलांनी झाडाला पाटी लावली, 'मी आणखी कुणाचा जीव घेण्याआधी मला तोडा!' पाटी झकास होती. पण थट्टेने दावा खोडला जात नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे.

"झाडंच जास्त हायड्रोकार्बन सोडतात." हे बरोबर आहे. हायड्रोकार्बन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं. रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणून डबा उघडला की जो वास येतो, तो मुख्यतः पायनीन या हायड्रोकार्बनचा. हेच द्रव्य पाइनच्या राळेत असतं. देवदार, स्प्रूस, फर या सूचिपर्णी झाडांच्या राळेतही त्याच कुळातली द्रव्यं असतात. ती सुयांमधल्या बारीक नळ्यांत साठलेली असतात आणि ऊन तापलं की उडून जातात, थोडीफार रात्रीसुद्धा. ओक, पॉप्लर, नीलगिरी ही झाडं आयसोप्रीन नावाचा हायड्रोकार्बन सोडतात, तेही उजेड असेल तेव्हाच. जगभरच्या वनस्पतींमधून असं वर्षाला साधारण १०० कोटी टन हवेत जातं, त्यातलं निम्म्याच्या आसपास आयसोप्रीन. माणसाचा वाटा याच्या कितीतरी पट कमी. एवढं मान्य करून पुढे जाऊ.

"हायड्रोकार्बन जास्त, म्हणजे प्रदूषण जास्त." खरी गफलत इथे आहे. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं कोडं १९५० च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी सोडवलं. (गृहस्थ त्याआधी अननसाच्या स्वादावर काम करत होते!) त्यांना दिसलं ते असं, की धुरक्यातला त्रासदायक वायू म्हणजे जमिनीलगतचा ओझोन, आणि तो व्हायला हायड्रोकार्बन लागतात, नायट्रोजनची ऑक्साइडं लागतात आणि ऊनही लागतं.

उन्हात नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो. त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो, झाला ओझोन. मागे उरलेलं नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन खाऊन पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड बनतं. जमा-खर्च सारखा. हायड्रोकार्बन मध्ये पडले की मात्र हा हिशेब बिघडतो. त्यांच्यापासून तयार झालेली मूलकं (चटकन अभिक्रिया करणारे रेणूंचे तुकडे) नायट्रिक ऑक्साइडला परस्पर डायऑक्साइड करून टाकतात. ओझोन खर्च होतच नाही, साठत जातो.

आता ही नायट्रोजनची ऑक्साइडं आणतं कोण? पाइन नव्हे. काही मातीतून येतात, काही विजांमुळे होतात. पण शहरावरच्या हवेत ती येतात मुख्यतः इंजिनं आणि भट्ट्यांमधून, जिथे प्रचंड तापमानाला हवेतला नायट्रोजनच ऑक्सिजनशी जोडला जातो. ती जवळपास नसतीलच अशा दूरच्या जंगलात पायनीनसारखी द्रव्यं ओझोनशी थेट भिडतात आणि उलट तो कमी करतात. तेच झाड, तोच वास. महामार्ग शेजारी आला की निकाल बदलतो.

अमेरिकेतलं अटलांटा हे झाडीने भरलेलं शहर. तिथला ओझोन हटेना, म्हणून तिथल्याच जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८८ मध्ये झाडांचे हायड्रोकार्बनही हिशेबात धरले. निष्कर्ष रेगन यांच्या नेमका उलटा निघाला: माणसाचे हायड्रोकार्बन कितीही कापा, झाडांचे उरतातच, म्हणून नायट्रोजनच्या ऑक्साइडांवरच हात घालायला हवा. म्हणजे झाडं जास्त सोडतात, हे गाड्यांवरचे नियम कडक करण्याचं कारण ठरतं. ते सैल करायला त्यातून काही आधार मिळत नाही.

दावा करणाऱ्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम आकडा बर्लिनचा आहे, तोही सांगायला हवा. तिथल्या २०१७ च्या अभ्यासानुसार, उष्णतेच्या लाटेत काही दिवशी ओझोन निर्मितीतला ६० टक्क्यांपर्यंत वाटा झाडांच्या वायूंचा होता. पण तो आकडा बर्लिन शहराच्या हवेतला आहे, जिथे गाड्यांची नायट्रोजनची ऑक्साइडं आधीच असतात. संशोधकांचंही म्हणणं हेच, की शहरात झाडं लावताना वाहनांचा धूरही कमी करा.

"निळं धुकं बघा." बघू या. ही झाडांच्या द्रव्यांची करामत आहे, हे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९६० मध्येच मांडलं होतं. द्रव्यं हवेत ऑक्सिडाइज होऊन अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. पण अमेरिकेतल्या ज्या स्मोकी माउंटन्सचे फोटो दाखवले जातात, तिथे विसाव्या शतकात दूरचे डोंगर दिसेनासे करणारा पांढुरका, करडा पडदा मुख्यतः सल्फेटचा, म्हणजे गंधकाच्या धुरापासून बनलेल्या कणांचा होता. तो यायचा कोळशावरच्या वीजकेंद्रांमधून. वीजकेंद्रांचं गंधक कमी केल्यावर डोंगर पुन्हा दिसू लागले. झाडं होती तिथेच होती.

फिनलंडमध्ये ह्युटिआलाच्या पाइनच्या जंगलात हे कण १९९० च्या दशकापासून सतत मोजले जातात. ते वाढून ढगांच्या थेंबांची बीजं होतात, आणि ढग ऊन परतवतात. 'झाडांचा धूर' या शब्दांत हे बसत नाही.

"मग पाइन तोडलेलीच बरी." हेही कुठे कुठे लिहिलेलं दिसतं. रस्त्याकडेला कोणती जात लावायची, हा प्रश्न रास्त आहे. कमी आयसोप्रीन सोडणाऱ्या जाती निवडता येतात आणि निवडाव्यात. पण तोडल्याने वास थांबत नाही. राळेच्या नळ्या उघड्या पडतात, आणि ताजे बुंधे, फांद्या, सालीचा कचरा कित्येक आठवडे उभ्या झाडापेक्षा जास्त पायनीन सोडत राहतात. पाइनच्या लाकडाची वखार लांबूनच नाकाला कळते, ती त्यामुळेच.