‘एक आई’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

(तुम्ही नावाच्या जागी ‘एक आई’ एवढंच लिहिलंय, म्हणून ताई म्हणतो. वयाने लहान असाल तर सांभाळून घ्या.)

दळणाच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली. रात्रीच उत्तर लिहिलं असतं तर ते याहून वाईट झालं असतं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचा अकरा वर्षांचा धाकटा घरचं दळण आणतो, चौदा वर्षांची मोठी आजीच्या औषधांकडे बघते, आणि ‘आज कंटाळा आलाय’ ही सबब आमच्याकडे चालत नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर ताईंचं म्हणणं असं: संध्याकाळच्या रहदारीत एवढ्या मुलाला सायकलवर पाठवणं धोक्याचं आहे. मुलांना कामाचे पैसे द्यायला हवेत. अख्ख्या लेखात मुलांची आई कुठेच नाही. आणि शेवटी, त्यांच्याच शब्दांत: “मुलांना राबवायचं आणि वर त्याचं कौतुक लिहायचं, याला बालमजुरी म्हणतात, साहेब.”

रहदारीचं आधी उरकतो, कारण त्यात तुमचं थोडं बरोबर आहे. मी नुसतं ‘संध्याकाळी सायकलवर’ असं लिहिलं. बडोद्यातला कुणीही हरणी-वारसिया रिंग रोडची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणणार आणि त्याच्या छातीत धस्स होणार. घंटी, म्हणजे पिठाची गिरणी, आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत आहे आणि मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही, हे लिहायला हवं होतं. झालं.

आता ते शेवटचं वाक्य.

मुद्दा चुकीचा असला तर माझी हरकत नसते, चुकीच्या मुद्द्यांवरच तर या पानावर गप्पा होतात. हरकत त्या ‘साहेब’ला आहे. एखाद्याला खाली बसवायचं असलं की आपल्याकडे आधी त्याला साहेब म्हणतात. मी कुणाचा साहेब नाही. माझे वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजतो. मजुरी कशाला म्हणतात हे मला प्रतिक्रियेतून शिकायची गरज नाही.

आणि शब्द वापरलाच आहात तर कायदाही बघू. बालमजुरीचा कायदा 1986चा. 2016 साली त्यात दुरुस्ती झाली आणि 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली. पण त्याच दुरुस्तीत लिहिलंय की शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मुलाने घरच्यांना मदत केली, आणि ती धोक्याची नसली, तर ती या बंदीत येत नाही. या सवलतीवर टीका झाली, ती मला माहीत आहे. घरगुती धंद्यांत मुलं ‘मदत’ या नावाखाली दिवसभर जुंपली जातील, ही भीती खरी आहे. त्या मुलांसाठी भांडा, मी तुमच्या बाजूने सही करीन. पण पाच किलो गहू घेऊन गल्लीतून जाणाऱ्या माझ्या पोराला त्यांच्या रांगेत उभं करू नका. त्यात अपमान माझा नाही, त्या मुलांचा आहे.

शिवाय हे तुम्ही बडोद्याच्या माणसाला सांगताय. मुलांचं बालपण ही एकट्या बापाची मालमत्ता नाही, हे देशात फार लवकर कुणी ठणकावलं असेल तर या गावाने. सयाजीरावांनी 1893 साली अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो सगळ्या राज्याला लागू केला. मुलगे 7 ते 12, मुली 7 ते 10. पोराला शाळेऐवजी शेतावर नेणाऱ्या बापाला दंड होता. 1911 साली गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. ते विधेयक पुढच्या वर्षी पडलं, इथला कायदा चालू राहिला. माझे पणजोबा गायकवाडी नोकरीसाठी इकडे आले आणि आमच्या घरातली पहिली शिकलेली बाई, माझी आजी, त्याच सक्तीमुळे चौथीपर्यंत पोचली. ती शाळेतून आली की दोन घागरी पाणी भरायची. शाळा आणि घागर यांचं भांडण आमच्या घरात कधी नव्हतंच, ते तुम्ही आता लावताय.

राबवणं, राबवणं काय ते एकदा बघूनच घ्या. गहू डब्यातून काढायचे, ताटात पसरून खडे बघायचे, पिशवीला सुतळी बांधायची, कॅरिअरला अडकवायची. घंटीवर पोचलं की धाकटा पिशवी ओळीत ठेवत नाही. आधी विचारतो, “काका, पहेलां शुं दळ्युं?” बाजरी दळून झाली असेल तर तो थांबतो आणि मागच्याला पुढे जाऊ देतो. बाजरीच्या पाठोपाठ आपले गहू टाकले की पहिलं पीठ काळपट येतं आणि आजी पोळी हातात धरून विचारते, हे काय आणलंस? हे त्याला मी शिकवलं नाही. एकदा काळं पीठ आलं, दोन दिवस त्या पोळ्या सगळ्यांनी मुकाट खाल्ल्या, तेवढ्यावर तो शिकला. आता तो पिठात हात घालून बघतो. फार गरम लागलं तर काकांना सांगतो की पाटे जवळ आलेत, सैल करा. काका हसतात, पण करतात. वर्गात ज्याचा हात वर जात नाही तो मुलगा पन्नाशीच्या माणसाला त्याच्याच मशीनबद्दल सांगतो आणि तो माणूस ऐकतो. हे मला अमुक हजार रुपये फी भरून कुठल्या शिबिरात मिळणार आहे?

मी लेखात ‘संस्कार’ हा शब्द एकदाही वापरलेला नाही. पुन्हा वाचा. मला मुलांना वळण लावायचं नाहीये, मला दळण आणायचं आहे. फरक आहे. पोरगं गेलं नाही तर रात्री पोळ्या होत नाहीत, खिचडी होते, आणि ती का झाली हे सगळ्यांना माहीत असतं. ज्या घराचं आपल्यावाचून काही अडत नाही त्या घरात मूल पाहुणं होतं. वेळेवर ताट येतं, वेळेवर कपडे येतात, आणि पंधराव्या वर्षी आपण विचारतो की हा आमच्याशी बोलत का नाही.

माझंच सांगतो. मी याच वयाचा असताना रेशनच्या दुकानात घासलेटच्या रांगेत उभा राहायचो. डबा ठेवून सावलीत बसायची सोय नव्हती, कारण डबा पुढे सरकवायला कुणी तयार नसायचं. वडिलांनी कधी शाबासकी दिली नाही, कधी समजावलंही नाही. नुसतं कार्ड हातात द्यायचे. मला राग यायचा का? यायचा. पण काॅलेजच्या पहिल्या वर्षी वडील आजारी पडले तेव्हा कुठल्या खिडकीत काय विचारायचं, कुणाशी कसं बोललं की काम होतं, हे मला येत होतं. माझ्याबरोबरीच्या दोन चुलतभावांना येत नव्हतं, ते माझ्याहून हुशार होते. याला तुम्ही पुरावा मानणार नाही हे ठाऊक आहे. मी मानतो.

आता मला एक विचारू द्या. आमच्याच सोसायटीत नववी-दहावीतली मुलं ॲक्टिवा घेऊन क्लासला जातात, मागे मित्र, हेल्मेट डिकीत. सोळाव्या वर्षी मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या विनागियर गाडीचं लायसन्स, ॲक्टिवा त्यात बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. त्या आई-बापांना कुणी क्रूर म्हटल्याचं मी ऐकलं नाही. उलट ‘किती स्मार्ट झालाय’ म्हणतात. सायकलवर पीठ आणलं की मात्र बालमजुरी. तुमच्या घरी ॲक्टिवा आहे का, हे मी विचारत नाही.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्याकडे वीज नव्हती आणि लिफ्ट बंद होती. मोठीने आजीच्या गोळ्यांची यादी न बघता सांगितली, कुठली संपत आलीय तेही सांगितलं. धाकट्याने खालून पाणी वर आणलं, आमचं आणि समोरच्या आजोबांचंही. तेव्हा कुणी कायद्याचं पुस्तक काढलं नाही.

राहिलेले मुद्दे. पैसे द्यावेत: घरच्या कामाला दर लावायचा तर आजीचं गेल्या चाळीस वर्षांचं बिल आधी कोण भरणार ते सांगा. लेख लांब होता: होता, हाही आहे. “पुरुष तीन कामं करतो आणि तीन लेख लिहितो” हे तुमचं वाक्य चांगलं जमलंय, तेवढ्यापुरती दाद देतो, त्यात मुद्दा काय ते मला कळलं नाही.

आणि मुलांची आई कुठे आहे? आई घरातच आहे. लेख दळणाबद्दल होता. गहू कधी संपतात, कुठल्या वारी दळायला टाकायचे, आजीच्या गोळ्या कुठल्या दुकानात स्वस्त मिळतात, हे तीच ठरवते आणि मुलांना सांगते. ते सगळ्याच घरांत असतं, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? तुमची प्रतिक्रिया तिने वाचली आहे. खाली जे तीन अंगठे दिसताहेत त्यातला एक तिचा आहे, हे मी काल रात्रीच पाहिलं. त्याबद्दल आमचं घरी बोलणं होईल, इथे नाही.