मण्णारशालेतून शिराळ्याकडे पाहताना

हरिपाडला उतरून मण्णारशालेच्या देवळात पोहोचले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. केरळच्या आलप्पुळा जिल्ह्यातलं हे नागराजाचं प्राचीन देऊळ. पण डोळ्यांत भरतं ते त्याभोवतीचं वन. झाडांच्या बुंध्यांशी, वाटेच्या दोन्ही अंगांना शेवाळलेले दगडी नाग, रांगाच रांगा. तीस हजारांहून जास्त आहेत म्हणतात. जिवंत साप एकही दिसला नाही.

परशुरामाने समुद्र हटवून मिळवलेली जमीन खारट निघाली, नागांनी आपल्या विषाने तिचा खारेपणा घालवला, अशी इथली कथा. इथे पूजेचा मोठा मान घराण्यातल्या ज्येष्ठ सुनेचा. तिला सगळे अम्मा म्हणतात. मूल व्हावं म्हणून जोडपी इथे काशाची उरुळी, म्हणजे रुंद तोंडाचं भांडं, पालथी घालतात आणि मूल झालं की ती उताणी करायला परत येतात. माझ्यापुढे रांगेत असंच एक जोडपं होतं. बाळ बापाच्या खांद्यावर गाढ झोपलेलं, आणि आईचे डोळे सारखे भरून येत होते.

मी आता ऑस्ट्रेलियात मेलबर्नला राहते, पण माझं माहेर सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातलं, बत्तीस शिराळ्याच्या शेजारचं. शिराळ्यात नागपंचमीला अंबाबाईचा कौल घेऊन जिवंत नाग पकडायचे, घरोघरी पूजायचे, मिरवायचे. गोरखनाथांनी मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या बाईला जिवंत नाग दिला, तेव्हापासूनची ही प्रथा, असं सांगतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे उच्च न्यायालयाने ती थांबवली आणि प्रतिमांची पूजा सुरू झाली. २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक कारणासाठी मर्यादित परवानगी दिली आणि वाद पुन्हा पेटला.

जिवंत नाग पकडू नयेत असं मी फोनवर म्हटलं, तर चुलतभाऊ चिडून म्हणाला, ''ताई, आमची माणसं नागाचं दात काढत न्हाईत, जिथनं आणला तिथंच सोडत्यात. तिकडं बसून तुला काय कळणार?''

त्याचा राग मला समजतो. त्या गावाइतकी नागाची पारख फार थोड्या ठिकाणी असेल. पण आमच्याच आजीने शिकवलंय की पंचमीला चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, शेतात नांगर घालायचा नाही. जमिनीतल्या जिवाला इजा नको. ज्या सणाला नांगर थांबतो, त्याच सणासाठी बीळ खणून नाग बाहेर काढायचा, हे मला पटत नाही. हे मी परदेशात शिकले नाही, आजीकडून शिकले.

मेलबर्नचंच बघा. अंगणात साप निघाला तर मारायचा नाही, असा तिथे कायदा आहे. परवाना असलेला सापपकड्या येऊन त्याला घेऊन जातो. जगातले अतिविषारी साप त्या देशात आहेत, तरी सर्पदंशाने मरणारी माणसं वर्षाला दोन-तीन. भारतात २००० ते २०१९ या काळात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली. तुलना सरळ नाही, मला माहीत आहे. तिथे कुणी अनवाणी भात लावत नाही, अंधारात पिकाला पाणी द्यायला जात नाही. तरीही तो आकडा वाचला की झोप लागत नाही, कारण त्यातले बहुतेक आमच्यासारख्याच खेड्यांतले.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातला उलुरू हा प्रचंड खडक पाहायला गेले होते तेव्हा कुनिया ही अजगरीण आणि लिरू हे विषारी साप यांची कथा ऐकली. तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांसाठी ती कथा त्या खडकातच आहे. खडकावर चढू नका, असं ते वर्षानुवर्षं सांगत होते. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. माणसं आता पायथ्याभोवती फिरतात आणि कथा ऐकतात. मण्णारशालेच्या वनात मला तीच रीत दिसली: देवाला त्याची जागा द्यायची आणि आपण वाटेवरून चालायचं. आपल्या देवरायांचाही हाच नेम होता.

शिराळ्याच्या माणसांच्या हातातली कला वाया जावी असं मला मुळीच वाटत नाही. घरात शिरलेला नाग सोडवायला, पोरांना घोणस आणि मण्यार ओळखायला शिकवायला, चावलेल्या माणसाला मांत्रिकाकडे न नेता थेट दवाखान्यात पोहोचवायला तीच माणसं हवीत.

केरळहून परतताना भावाला पुन्हा फोन केला. वाद घातला नाही. आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष रात्रीही मिळतं का, एवढंच विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ''उद्या जाऊन बघतो.''