रंधा पाहिजे, पण सांगायचं नाही

जुना रंधा विकत घ्यायचा असेल तर रंध्याकडे बघायचं नाही, हा पहिला नियम. संभाजीनगरात जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात गोणपाटावर नळाच्या तोट्या, कुकरची झाकणं, मुके झालेले रेडिओ मांडलेले असतात आणि त्यातून मधूनच नऊ इंची बिडाचं गंजकं धूड डोकावतं. काळीज लटकन हलतं. चेहरा मात्र तोटी शोधायला आलेल्या माणसाचाच ठेवावा लागतो. चाचांच्या शेजारी वजनकाटा असतो खरा, पण भाव ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवरून सांगतात.

"क्या होना साब?"

"कंदील."

कंदील समोर होता म्हणून कंदील. मग त्याची काच हलवून बघायची, वात वर-खाली करायची, भाव ऐकून दोन पावलं निघून जायचं, परत यायचं. पैसे देता देता पायानेच रंध्याकडे बोट केल्यासारखं करून म्हणायचं, "ये लकडी छिलने का है क्या? चलो, इसकू भी डाल दो." हे वाक्य मी आरशासमोर उभं राहून बसवलेलं आहे. रंधा स्वस्तात येतो यात वाद नाही. त्याच्यासोबत येणाऱ्या कंदिलांचा हिशोब मी ठेवत नाही, तो बायको ठेवते. "अहो, आपल्याकडं लाईट जाते हे मान्य आहे," ती म्हणाली, "पण इतकी?"

एवढं काय आहे त्या रंध्यात? लिओनार्ड बेली नावाच्या अमेरिकन माणसाने एकोणिसाव्या शतकात लोखंडी रंध्यात पात्यामागे एक पितळी चाक बसवलं. ते फिरवलं की पातं केसभर खाली, केसभर वर. १८६९ साली स्टॅनली कंपनीने त्याचा धंदाच विकत घेतला. त्या घराण्यातला ४ नंबर नऊ इंची, ५ नंबर चौदा इंची आणि ७ नंबर तब्बल बावीस इंची. पुढे इंग्लंडात शेफील्डच्या 'रेकॉर्ड'ने तीच रचना उचलली, निळा रंग दिला आणि नंबराच्या आधी एक शून्य लावलं. ०७ असा आकडा दिसला की माझी झोप उडते.

आमच्या गावच्या सुतारमामांना त्या चाकाचं काडीचं कौतुक नाही. तिफणी-वखरं घडवण्यात त्यांचा जन्म गेला. बाभळीच्या रंध्यात पाचर बसवायची, हातोडीचा एक टोला पात्याला, एक मागच्या अंगाला, की पातं हवं तिथे. हल्ली कामाला विजेचं मशीन आहे आणि जुना रंधा फडक्यात गुंडाळून फळीवर. "विकता का मामा?" म्हटलं तर म्हणाले, "आन् खंडेनवमीला काय पुजू? तुमचा मोबाईल?"

मग सहज पुढे बोलले, "लोखंडाचा बी व्हता की एक. इंग्रजी. पोरानं मोडीत घातला."

"कुठे?"

"कुठं म्हंजे? गेला जालन्याला."

मराठवाड्यातला प्रत्येक माग शेवटी जालन्यालाच जातो. तिथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि त्याच्या सळया होतात. घराच्या स्लॅबकडे मी हल्ली जरा आदराने बघतो. आत कुठे चार नंबर असेल, काय सांगावं.

जो हाती लागतो तोही एकजीव नसतो. अंग शेफील्डचं, वरचा दाब जालंधरचा, पातं ट्रकच्या कमानपाट्यातून काढलेलं आणि मूठ कुणीतरी पेरूच्या फांदीची बसवलेली. दोष कुणाला द्यायचा? मोडलं की मिळेल ते लावून काम चालवणं आपल्या भागाला नवीन नाही. गंज त्यातल्या त्यात कमी, कारण आमच्याकडे गंजायलासुद्धा टँकर मागवावा लागतो. लाकडी रंध्यांचं मात्र उलट, ते वैशाखात उभे तडकतात. घरी आणलेला रंधा आधी व्हिनेगरमध्ये बुडतो. नंतर रात्री सगळे झोपले की स्वयंपाकाच्या ओट्यावर पॉलिश पेपर चिकटवून मी त्याचा तळ घासतो. कडप्प्याइतकी सपाट जागा घरात दुसरी नाही. सकाळी पोहे जरा करकरीत लागतात, एवढंच.

परवा बाजारात पोचतो न पोचतो तोच लांबून हाक आली, "ओ कंदीलवाले साब!" चाचांनी गोणपाटाखालून कापडात बांधलेली वस्तू काढली. "तुम्हारे वास्ते अलग रखा. कितने लोगां पूछे, नक्को बोला."

कंदील देखणा होता. पण माझी नजर त्याच्या शेजारी गेली. गोणपाटावर हातभर लांबीची एक जागा रिकामी होती आणि तिथे गंजाचा लालसर पट्टा उमटला होता.

"इधर कुछ था क्या चाचा?"

"वो? कुछ नई. लंबा लोहा था, नीला. लकडी छिलने का. कलीच भंगारवाला उठा के ले गया, जालना." मग समजूत घातल्यासारखे म्हणाले, "तुमकू क्या काम का वो? कंदील देखो."

अडीचशे सांगितले. घासाघीस करायला तोंडातून शब्द फुटेना, म्हणून पुरते अडीचशे मोजले.