वेगळं राज्य मागणारा मंत्री आणि आपण

सप्टेंबर आला की बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या संकेश्वर-हुक्केरी भागात उमेश कत्तींचा विषय निघतोच. हुक्केरीचे आमदार आणि कर्नाटकचे मंत्री. 6 सप्टेंबर 2022 च्या रात्री बेंगळूरमध्ये हृदयविकारानं गेले. वय 61, हातात वन आणि अन्न-नागरी पुरवठा अशी दोन खाती. दुसऱ्या दिवशी बेल्लद बागेवाडीत सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. मी त्यांचा कार्यकर्ता नव्हतो, आजही नाही. पण सीमाभागातल्या मराठी माणसानं या गृहस्थांचं राजकारण नीट बघायला हवं होतं. आपण ते फक्त शिव्या घालण्यापुरतं बघितलं.

सुरुवात घराण्यातूनच. वडील विश्वनाथ कत्ती आमदार. ते 1985 मध्ये गेले आणि पोटनिवडणुकीत चोवीस वर्षांचा मुलगा उभा राहिला. तिथून एकूण आठ वेळा विधानसभेत, मध्ये 2004 चा एक पराभव. पक्ष म्हणाल तर जनता पक्षापासून जनता दल, जेडीएस करत भाजपपर्यंत. 2008 मध्ये तर एकाच वर्षात दोनदा निवडून आले, आधी जेडीएसकडून, मग राजीनामा देऊन पोटनिवडणुकीत भाजपकडून. चिन्ह बदललं म्हणून हुक्केरीत कुणाचं काही अडलं नाही. मत चिन्हाला नव्हतंच.

मग कशाला होतं? ते ज्याच्या रानात ऊस आहे त्याला विचारा. जानेवारी संपत आलाय, उसाला तुरा आलाय, रोज वजन घटतंय आणि तोडणीची चिठ्ठी काही निघत नाही. मळ्यात तोडकऱ्यांची टोळी यावी म्हणून माणूस स्लिप बॉयच्या, म्हणजे चिठ्ठ्या वाटणाऱ्या कारखान्याच्या पोराच्या मागे फिरतो, शेतकी ऑफिसात दोन तास बाकड्यावर बसतो, शेवटी गावातल्या पुढाऱ्याला म्हणतो, दादा, एक फोन लावा की. आमच्याही घरात हे झालंय. कारखान्याचं नाव कशाला घेऊ, सगळीकडं तेच. त्या एका फोनवर टोळी येते, आणि पाच वर्षांनी मत कुणाला द्यायचं हे तिथंच ठरून जातं. कत्ती घराण्याकडं बेल्लद बागेवाडीचा विश्वराज शुगर होता, भाऊ रमेश कत्ती जिल्हा मध्यवर्ती बँकेचे कितीतरी वर्षं अध्यक्ष, शिवाय हुक्केरीच्या ग्रामीण वीज सहकारी संस्थेत यांचा गट. (गावोगाव वीज वाटणारी अशी सहकारी संस्था राज्यात दुसरी नाही.) ऊस, कर्ज आणि विहिरीवरच्या मोटारीची लाईट. शेतकऱ्याचं आणखी काय उरतं?

आता मुद्द्यावर येतो. हाच माणूस वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगत होता, उत्तर कर्नाटक वेगळं राज्य करा. जून 2022 मध्ये, मंत्री असताना बोलले की 2024 च्या निवडणुकीनंतर देशात पन्नास राज्यं होतील आणि कर्नाटकाची दोन. पक्षानं हात झटकले, बेंगळूरच्या वाहिन्यांनी दोन दिवस आरडाओरडा केला, पण मंत्रिपदाला धक्का लागला नाही. त्याच्या सहाच महिने आधी, डिसेंबर 2021 मध्ये पुतळ्यांच्या विटंबनेवरून बेळगाव पेटलं तेव्हा पकडलेल्या मराठी पोरांवर राजद्रोहाचं कलम लागलं होतं. तोडफोड केली असेल त्याला शिक्षा व्हावीच, पण राजद्रोह? आपला सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, म्हणजे आपण कायद्याच्याच वाटेनं चाललोय. तरी 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, काळा दिवस पाळायचा म्हटलं की परवानगीपासून घोळ.

अन्याय आहेच. पण नुसतं अन्याय म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही. कत्ती बोलू शकत होते कारण त्यांच्या मागं तालुका होता, आणि तो भाषणांनी नाही, संस्थांनी बांधलेला होता. त्यांची ती मागणी मनापासून होती की मंत्रिपदासाठी दाबायचं बटण, यावर मला शंका आहे. मंत्रिपद मिळालं की आवाज जरा बसायचा, डावललं की पुन्हा चढायचा. मे 2020 मध्ये रमेश कत्तींच्या राज्यसभेच्या उमेदवारीसाठी उत्तर कर्नाटकातल्या आमदारांना घरी जेवायला बोलावलं, त्याची केवढी बातमी झाली! राज्यसभा मिळाली नाही, गेली बेळगाव जिल्ह्यातल्याच इराण्णा कडाडींकडं. पण जानेवारी 2021 मध्ये उमेश कत्ती मंत्री झालेच.

तोंड मात्र सैल. टीव्ही, फ्रीज, दुचाकी असेल तर बीपीएल कार्ड परत करा म्हणाले आणि गदारोळ झाल्यावर मागं घेतलं. रेशनचा तांदूळ का कमी केला विचारणाऱ्या शेतकऱ्याला फोनवर 'मेलेलं बरं' असं बोलले, मग माफी मागितली. हे कुणी विसरू नये, गेलेल्या माणसाबद्दल असलं तरी. शेवटच्या महिन्यात बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला, 22 शाळांना सुट्ट्या लागल्या, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलूच्या हत्ती छावणीतून हत्ती आणले, आणि वनमंत्री आपल्याच जिल्ह्याचे असून बिबट्या सापडला नाही तो नाहीच. मीम्स तुम्हीपण फॉरवर्ड केलेत.

2023 मध्ये मुलगा निखिल हुक्केरीतून आमदार झाला. हे एकट्या कत्तींचं नाही. गोकाकला जारकीहोळी, निपाणीला जोल्ले, चिक्कोडीला हुक्केरी आडनावाचं घराणं, बेळगाव ग्रामीणला हेब्बाळकर, ज्याच्या त्याच्या घरात दुसरं-तिसरं माणूस तयार आहे. आणि आपली महाराष्ट्र एकीकरण समिती? 2013 मध्ये दोन आमदार, 2018 आणि 2023 मध्ये एकही नाही. दरवेळी आपण बसून हिशेब करतो की कुणामुळं मतं फुटली. निम्मी मतं तर निवडणुकीच्या आधीच उसाच्या चिठ्ठीवर गेलेली असतात, त्याचा हिशेब कुणी करत नाही.

घराणेशाहीवर पोस्ट टाकणाऱ्या आपल्या मित्रांना माझा एकच प्रश्न आहे. तुमच्या गावच्या कृषी पत्तीन (शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या) सोसायटीच्या मागच्या निवडणुकीत आपलं पॅनेल होतं का? नसेल तर पुढच्या वेळी अर्ज कोण भरणार, ते आत्ताच बसून ठरवा. विधानसभेचं नंतर बघू.